जागल, कोल्हा आणि कपाटातील बंदूक

भाद्रपद सरत आला की उमरगा तालुक्यातील शिवारांत रात्री दिवे हलू लागतात. मूग-उडीद निघून बाजारात आलेला असतो, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, मका दुधात असतो आणि उसाने माणसाची उंची ओलांडलेली असते. दिवसा आडत दुकानात भावाची बोलणी आणि रात्री शेतात जागल, असा हा हंगाम. गुंजोटी, मुरूम, येणेगूर या बाजूंना ज्या व्यापारी घराण्यांच्या जमिनी आहेत, त्यांच्या दुकानाच्या पायरीशी याच दिवसांत सालगडी किंवा बटईदार येऊन उभा राहतो. 'शेठ, कोल्हे लई झालेत. मका ठेवंनात, शेळीचं करडू बी नेलं. वाड्यातली बंदूक द्या की चार दिवस, न्हाईतर एखादी नवी तरी घ्या.'

मागणी साधी वाटते. मागणारा चोर नाही, शिकारीचा शौकीन नाही. त्याच्या मेहनतीचे पीक जात आहे आणि ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे त्याच्याकडे तो न्याय मागतो आहे. देणारा मात्र जैन श्रावक आहे. त्याच्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात, पाणी गाळून प्यायले जाते, आणि भिंतीतल्या लोखंडी कपाटात आजोबांची दुनळी बंदूक परवान्यासह ठेवलेली आहे. अशा घरात या मागणीचे उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते, 'आपल्यात चालत नाही', आणि विषय संपतो. तो तेथे संपू नये इतके त्यात आहे.

पहिली गोष्ट कोल्ह्याची. दुकानात बसणाऱ्या तरुण मुलांनी मोबाइलवर अमेरिकेतील चित्रफिती पाहिलेल्या असतात. तेथे कोल्ह्याचाच भाऊबंद असलेला कोयोट नावाचा प्राणी आहे. टेक्साससारख्या राज्यात त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही. शेतमालक रात्री उष्णता दाखवणारी दुर्बीण लावून रायफलीने त्याला टिपतो, आणि कोणती गोळी, कोणती नळी, किती अंतर, याची चर्चा तेथे मोकळेपणाने चालते. इतके करूनही विसाव्या शतकात कोयोट कमी झाला नाही. उलट पश्चिमेकडून पसरत तो देशाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट त्या चित्रफिती सांगत नाहीत. त्या पाहून एखादा पुतण्या काकांना विचारतो, 'आपल्याकडे कोल्ह्यासाठी कायदेशीर बंदूक कोणती मिळते?' याचे उत्तर असे की, अशी कोणतीही बंदूक नाही. बंदूक कोणतीही असो, परवाना कितीही पक्का असो, पिकासाठी कोल्हा मारण्याची मुभा भारतात कोणालाही नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. कलम ९ ने शिकारीस बंदी घातली आणि शिकार या शब्दाची व्याख्याही कायद्याने रुंद केली. गोळी घालणे, विष देणे, फास लावणे, सापळ्यात पकडणे, इतकेच काय यासाठी हाकणे वा आमिष दाखवणे, हे सर्व शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, कोल्ह्याला पहिल्या अनुसूचीत घेतले. तेथे त्याच्या शेजारी लांडगा, खोकड आणि काळवीट आहेत. या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. तीही तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. पीक हे कारण तेथे चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होण्याची टांगती तलवार असतेच, आणि दोषी ठरलेल्या माणसास पुढे पाच वर्षे शस्त्र परवाना मिळू शकत नाही.

कायदा इतका कडक का, असे सालगड्याला वाटले तर त्यात नवल नाही. कोल्हा मका खातो, ऊस चघळतो, कलिंगड फोडतो, करडू आणि कोंबडी उचलतो. पण तोच कोल्हा वर्षभर शेतातले उंदीर-घुशी खात असतो, मेलेली जनावरे संपवतो आणि बोरी-जांभळीच्या बिया दूर नेऊन टाकतो. धान्याचा व्यापार करणाऱ्या घराला उंदराचा हिशेब वेगळा सांगण्याची गरज नाही. गोदामातील पोती मोजताना तो दरसाल समोर येतोच. शिवाय शिवारात सकाळी जे नुकसान दिसते त्यातले पुष्कळसे कोल्ह्याचे नसते. रानडुकरांच्या एका कळपाने रात्रीत जितका मका लोळवावा तितका कोल्हा आठवडाभरात खात नाही. पण डुकरे येऊन जातात, आणि कोल्ह्याची कुई मात्र रात्रभर ऐकू येते. ज्याचा आवाज येतो त्याच्या नावावर खर्च पडतो.

रानडुक्कर आणि रोही, म्हणजेच नीलगाय, यांच्यासाठी कायद्याचे दार किंचित किलकिले आहे. हे प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबाबत उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कलम ११ मान्य करते, आणि अधिकार दिलेला वनाधिकारी लेखी, कारणे नोंदवून, परवानगी देऊ शकतो. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हा अधिकार वनपरिक्षेत्र पातळीवर आणला, तो शेतकऱ्यांची ओरड वाढल्यामुळे. त्याच वर्षाच्या अखेरीस बिहारमध्ये केंद्राने या दोन प्राण्यांना ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित केले आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजाने काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. महाराष्ट्रात तसे सामूहिक हत्याकांड झाले नाही. येथे प्रत्येक वेळी अर्ज, पाहणी आणि परवानगी असा मार्ग आहे.

येथे व्यापारी घराण्यांची एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेला शस्त्र परवाना हा बंदूक बाळगण्याचा कागद आहे. वन खात्याची परवानगी हा विशिष्ट प्राणी विशिष्ट ठिकाणी मारण्याचा कागद आहे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. एअरगनचेही तसेच. नळीतून सुटणाऱ्या छर्‍याची ऊर्जा ठरावीक मर्यादेत असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही हे खरे. पण त्या एअरगनने मोर, ससा वा कोल्हा मारणे ही पूर्ण शिकारच ठरते. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून हजारो एअरगन लोकांनी आपण होऊन शासनाकडे जमा केल्या, त्या याच जाणिवेतून.

आता बंदुकीकडे वळू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीक संरक्षणासाठी कोणती बंदूक हे स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि ते वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कलम १३ पीक संरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचे नाव घेते. तिने काम भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तरच गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच लांब नळीची, दुसरी बंदूक द्यावी असे ते म्हणते. त्या क्रमात रायफलीचे नाव नाही. ठासणीच्या बंदुकीचा एक बार झाला की पुन्हा दारू, पुन्हा ठासणे, पुन्हा नेम. तोवर प्राणी बांध ओलांडून गेलेला असतो. कायदा करणाऱ्यांना शेतात धाक हवा होता, शिकारखाना नको होता, असे हे कलम वाचताना वाटते.

गुळगुळीत नळी आणि रायफल यांतला फरक माळरानावर फार मोलाचा आहे. बारा बोअरच्या बंदुकीतून काडतुसातील छर्रे फाकत जातात आणि त्यांचा जोर लवकर सरतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, ज्याची स्थापना १८६९ सालची, बनलेली शक्तिमान काडतुसे जुन्या परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. त्यांत एल.जी., एस.जी. अशा मोठ्या छर्‍यांपासून पाखरांसाठीच्या बारीक छर्‍यांपर्यंत क्रम लागतो. इशापूरच्या कारखान्यातील .३१५ स्पोर्टिंग रायफलची गोळी मात्र चुकली तरी किलोमीटरभराहून पुढे जाते. उमरग्याच्या सपाट काळ्या रानात तिला अडवायला डोंगर नाही, दाट जंगल नाही. पुढच्या वस्तीतला गोठा असतो, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा ट्रक असतो.

आणि रात्रीचे शेत रिकामे नसते. शहरात राहणाऱ्या मालकाच्या हे ध्यानात येत नाही, कारण तो शेत दिवसा पाहतो. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची, त्या आठवड्यात मध्यरात्री दोन वाजता बाया-पुरुष उसाला पाणी देत दारी धरून वाकलेले असतात, हातातली बॅटरी अधूनमधून लुकलुकत असते. शेजारच्या रानात दुसरा कोणी जागलीला माळ्यावर झोपलेला असतो. मेंढपाळांचे वाडे उतरलेले असतात आणि त्यांची कुत्री बांधावरून फिरत असतात. अंधारात उजेड टाकला की जे दोन डोळे चमकतात ते कोल्ह्याचे, कुत्र्याचे, वासराचे की लांडग्याचे, हे सराईत माणसालाही सांगता येत नाही. सोलापूरच्या नान्नज परिसरातील माळरानांपासून या पट्ट्यात लांडगा अजून टिकून आहे. भारतात इतरत्र तो झपाट्याने ओसरत चाललेला असताना आपल्या माळावर तो आहे, याचे अप्रूप आपल्याला फारसे नाही. अंधारात कोल्हा समजून लांडग्यावर, आणि डुक्कर समजून पाणी धरणाऱ्या माणसावर बार होणे, यांत एका बोटाच्या दाबाचे अंतर असते. मराठवाड्यातील ज्या मालकाला आपल्या सालगड्याच्या मुलाबाळांची नावे ठाऊक आहेत, त्याने तरी हा विचार केला पाहिजे.

कपाटातील त्या दुनळीचा इतिहासही पाहण्यासारखा असतो. १९४८ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या धुमाकुळात कित्येक व्यापारी कुटुंबे दुकानाला कुलूप लावून सोलापूर, बार्शीकडे गेली आणि सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर परतली. परतलेल्यांपैकी काहींनी पुढे बंदुकीचे परवाने काढले. दरोड्याची धास्ती होती, मोंढ्यातून रोकड घेऊन बैलगाडीने वा एस.टी.ने प्रवास करावा लागत होता. त्या पिढीने ती बंदूक क्वचितच उडवली. दसऱ्याला तिची पूजा झाली, एवढेच. विरोधी हिंसा, म्हणजे स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी हिंसा, गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी मान्य केलेले आहे. आरंभी आणि उद्योगी हिंसेचेही तसेच. चूल पेटते, शेत नांगरले जाते, त्यात जीव जातात. श्रावकाने सोडायची ती संकल्पी हिंसा, मारण्याच्या हेतूने मारणे. आजोबांची बंदूक विरोधी हिंसेच्या भीतीतून घरात आली होती. आज रोकड आर.टी.जी.एस.ने जाते आणि दुकानावर कॅमेरे आहेत. भीती उरली नाही, बंदूक उरली.

ती तशीच उरू देण्यात मोठा धोका आहे आणि या बाबतीत आपली घराणी निष्काळजी आहेत, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, घराण्याच्या नावे नसतो. परवानाधारक गेला की त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही. कलम २१ प्रमाणे विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. मग वारसाने हवे तर स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा, नको असेल तर ती विकावी वा सोडून द्यावी. 'आजोबांची आठवण' म्हणून ती कपाटात राहिली तर विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होतो. त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहतील असे ठरवले, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. निवडणुकीच्या काळात ठाण्यातून जमा करण्याचा निरोप येतो, तेव्हा कित्येक घरांत त्या कपाटाची किल्लीच सापडत नाही. जुन्या काडतुसांचीही हीच गत. कागदी आवरणाची काडतुसे ओल धरून फुगतात, नळीत अडकतात, कधी वेळेवर पेटत नाहीत आणि नळी उघडली की पेटतात. तसली काडतुसे घरी ठेवू नयेत, फेकूही नयेत. बंदुकीबरोबर ठाण्यात द्यावीत.

आता सालगड्याच्या मागणीकडे परत यावे. शस्त्र अधिनियमाचे कलम ३ म्हणते की परवानाधारकाच्या समक्ष वा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस ती बंदूक नेऊ शकतो, पण तीन कारणांसाठीच: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. सालगड्याला 'चार दिवस' बंदूक देणे यात कोठेच बसत नाही. रात्री तो पकडला गेला तर त्याच्यावर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा, त्याच्या हातून कोल्हा वा काळवीट मेले तर वन्यजीव कायद्याचा, आणि माणूस जखमी झाला तर त्याहून मोठा. शेठवरही गुन्हा होईल. पण शेठला सोलापूरहून किंवा औरंगाबाद खंडपीठातून वकील आणता येतो. सालगड्याला जामिनासाठी पुन्हा शेठच्याच दाराशी यावे लागते.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी नेमकी ओळखली होती. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक आहे हिंसादान: कुऱ्हाड, तलवार, विष, अग्नी, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. येथे स्वतः मारण्याचा विचारच केलेला नाही; साधन हातातून दुसऱ्या हातात जाणे एवढेच पाहिले आहे. श्वेतांबर परंपरेतील पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी त्यात शस्त्रांचा व्यापारही धरला. 'मी मारले नाही, मी फक्त दिली' ही पळवाट शस्त्र अधिनियमाच्या कितीतरी शतके आधी बंद केलेली आहे. व्यापारी माणसाला दिल्या-घेतल्याचे उत्तरदायित्व कळते, म्हणूनच हे व्रत गृहस्थाला, आणि विशेषतः व्यापाऱ्याला, सांगितले असावे.

बंदूक नाही म्हटल्यावर शेतात जे होते ते बंदुकीहून वाईट असू शकते, हे मालकाला ठाऊक नसते किंवा ठाऊक करून घ्यायचे नसते. बांधावर विद्युत तार सोडली जाते, थेट खांबावरून. तिने डुक्कर मरते, कोल्हा मरतो, आणि पहाटे शौचाला वा पाण्याला निघालेला शेजारीही मरतो. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर अशा बातम्या दर हंगामात येतात. पिठाच्या गोळ्यात कीटकनाशक घालून ठेवले जाते. फोरेट हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे औषध. २०२० च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. मेलेल्या कोल्ह्याला कावळा खातो, घार खाते, मेंढपाळाचे कुत्रे खाते, आणि मरण पुढे चालत राहते. आपल्यातील पुष्कळ घरांची कृषी सेवा केंद्रे आहेत. तेथे ज्याला कोणतेही पीक नावाने सांगता येत नाही पण औषध 'जालीम' हवे असते, असा गिऱ्हाईक येतो तेव्हा त्याला काय द्यायचे, याचा निर्णय काउंटरवर उभ्या असलेल्या मुलालाच घ्यावा लागतो. तो निर्णय त्याच्या एकट्यावर सोडू नये.

या प्रश्नातील सर्वांत अवघड भाग मात्र पुढे आहे. शेठ बंदूक नाकारतो, आणि ते योग्यच आहे. पण पीक तर जाते. बटईच्या व्यवहारात अर्धे नुकसान बटईदाराचे होते. कधी अर्ध्याहून अधिक, कारण बी-बियाणे आणि मेहनत त्याने आधीच घातलेली असते. जागलीला रात्र काढणारा तो, सापाविंचवाच्या तोंडी असणारा तो, आणि अहिंसेचे समाधान शेठच्या घरी. जीवदया मालकाची आणि तिचा खर्च गड्याचा, अशी ही वाटणी आहे. पांजरापोळीला देणगी देताना पावतीवर नाव घालणाऱ्या घराने शेतातील कोल्ह्याच्या दयेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकावा, हे हिशेबाच्या साध्या नियमातही बसत नाही.

तो खर्च स्वतःच्या वहीत घेणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या पद्धती अगदी साध्या आहेत. काही जण जागलीची मजुरी सालाच्या ठरावात वेगळी लिहितात आणि दोन माणसे आलटून पालटून ठेवतात, म्हणजे एकालाच रात्रभर जागावे लागत नाही. माळ्यावर दोघे असले की वाघळाच्या पंखालाही कोणी भिऊन बार काढायला बंदूक मागत नाही. काही जण सौर झटका यंत्र बसवून देतात. त्याचा झटका क्षणिक असतो, जनावर बिचकून मागे फिरते पण मरत नाही. खांबावरच्या थेट विजेशी त्याचा संबंध नाही, आणि हा फरक गड्याला दाखवून, समजावून सांगावा लागतो, नाहीतर तो यंत्र बिघडल्यावर तार खांबालाच जोडतो. शेळ्यांचा गोठा रात्री झाकलेला असला आणि कोंबड्यांचे अवशेष किंवा मेलेले जनावर वस्तीजवळ पडू दिले नाही, तर कोल्ह्याच्या येण्याजाण्यातच मोठी घट होते. काही मालक बटईचा हिशेब करताना वन्यप्राण्यांचे नुकसान आधी वजा करतात आणि मगच वाटणी करतात. हे शेवटचे करायला मन मोठे लागते. आडत बाजारात ते फारसे दिसत नाही.

एक अपवाद मात्र गड्याला आणि मालकालाही माहीत असावा. पिसाळलेला कोल्हा वा लांडगा वस्तीत घुसला आणि माणसावर आला, तर स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी हातातल्या काठी-कुऱ्हाडीने केलेला प्रतिकार कलम ११ प्रमाणे गुन्हा ठरत नाही. मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. त्याला हात न लावता वन खात्याला लगेच कळवावे. आणि चावा लागलेल्या माणसाला जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात न्यावे. रेबीजमध्ये उशिराला क्षमा नाही, मग मांत्रिक कितीही नावाजलेला असो.

शेवटी भरपाई. रानडुक्कर, हरिण, रोही यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची आणि लांडगा-कोल्ह्याने मारलेल्या पाळीव जनावराची भरपाई वन विभागाकडे मागता येते. राज्यात यासाठी २०२३ चा स्वतंत्र कायदाच आहे. नुकसान दिसताच अर्ज करावा, उशीर झाला की खुणा पुसल्या जातात आणि पंचनाम्यात प्राणी कोणता हेच ठरत नाही. पावसाच्या आधी पायांचे ठसे मोबाइलने टिपून ठेवावेत. अर्जाला सातबारा जोडावा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव शेठचे असते, बटईदाराचे नसते. म्हणून मंजूर झालेली रक्कम शेठच्या बँक खात्यात येते. रानात रात्र काढलेल्या माणसाला ती आली हे कळतही नाही, जोवर शेठ स्वतः सांगत नाही. जेथे बटई तोंडी आहे तेथे निदान एवढे तरी पाडव्याच्या ठरावात लिहून ठेवावे: भरपाई आली तर ती कोणाची, किती, आणि किती दिवसांत द्यायची.